मदत हवी आहे : सर्पदंशावरच्या औषधात अँटीबॉडीचा एफसी भाग का काढून टाकतात?

नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे, सेमिनारला 'अँटीबॉडीचे तुकडे' हा विषय आलाय. पुस्तकातलं समजलंय. आयजीजी (रक्तातली मुख्य अँटीबॉडी) साधारण १५० किलोडाल्टनची (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). वरचे दोन हात अँटिजेन धरतात, खालची दांडी म्हणजे एफसी. शास्त्रज्ञ पोर्टरने १९५९ मध्ये पपेन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने तिचे दोन सुटे फॅब (म्हणजे हात) आणि एक एफसी केले. पेप्सिन हे दुसरं एन्झाइम बिजागरीच्या (हात आणि दांडी जुळतात तिथल्या) डायसल्फाइड बंधांखाली कापतं, म्हणून दोन्ही हात जोडलेले राहतात : एफ-एबी-टू.

गाडी अडलीय ती पुढे. आपलं सर्पदंशावरचं औषध, एएसव्ही (नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांवरचं), घोड्याच्या प्लाझ्माला पेप्सिन लावून करतात. पण कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रथिनं) जागं करणं, मॅक्रोफेजला (गिळून टाकणाऱ्या पेशींना) बोलावणं ही कामं एफसीची. ती दांडीच छाटली तर विषाचा निकाल लावतं कोण? आणि छाटायचंच तर पपेनने छोटे फॅब का नाही करत? शिवाय एवढं करूनही रुग्णाला गांधी उठतात, बीपी पडतं, अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवावं लागतं ते वेगळंच.

प्रतिसाद १
विष म्हणजे जिवाणू नव्हे, त्याला मारायचं नसतं. घोणसाच्या विषातलं एक एन्झाइम रक्तातल्या फॅक्टर टेनला (रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाला) चेतवतं. त्यावर अँटीबॉडीचा हात बसला की ते फॅक्टर टेनपर्यंत पोचत नाही, काम झालं. त्यासाठी एफसी लागत नाही.

फॅब जेमतेम ५० किलोडाल्टनचा, मूत्रपिंडातून भराभर निघून जातो. दंशाच्या जागेतून विष मात्र झिरपतच राहतं. अमेरिकेत २००० साली आलेलं क्रोफॅब हे सर्पदंशावरचं औषध म्हणजे मेंढीचे फॅब. त्यात रक्त गोठण्याची गडबड पुन्हा उलटते, म्हणून सहा-सहा तासांनी आणखी डोस देतात. एफ-एबी-टू जास्त टिकतं.

प्रतिसाद २
रिअ‍ॅक्शनचं सगळं खापर एफसीवर फोडू नका. उरलेला तुकडाही घोड्याचंच प्रथिन, त्यात प्रथिनांच्या गुठळ्या आणि प्लाझ्मातली इतर प्रथिनं राहिली की झालंच. कोस्टा रिकात अख्खी आयजीजी कॅप्रिलिक आम्लाने शुद्ध करून देतात आणि ती नीट चालते. माझ्या मते कापण्यापेक्षा शुद्धीकरणाला जास्त महत्त्व आहे. सेमिनारमध्ये हे नक्की घ्या, परीक्षक हमखास इथेच पकडतात.

धागाकर्ता
दोघांचे खूप आभार! एकच शंका : मण्यारच्या रुग्णाला एएसव्ही देऊनही व्हेंटिलेटर का लागतो?

प्रतिसाद १
तिचं बीटा-बंगारोटॉक्सिन मज्जातंतूचं टोकच खराब करतं. एएसव्ही रक्तात फिरणारं विष धरतं, झालेली इजा भरून काढत नाही. टोक पुन्हा तयार होईपर्यंत श्वास यंत्रानेच द्यावा लागतो.