नगरपरिषदेची सभा सामान्य नागरिकाला बघता येते का? आणि ठराव नेमका वाचायचा कसा?

गल्लीतला_करदाता

नमस्कार मंडळी. आमची नगरपरिषद क वर्गातली, म्हणजे छोट्या शहराची. बरीच वर्षं प्रशासक होते, डिसेंबर 2025 च्या निवडणुकीनंतर आता सभागृह आलंय. आमच्या गल्लीतली गटार उघडी आहे, पावसाळ्यात पाणी उंबऱ्यापर्यंत येतं. प्रभागातल्या दोन्ही नगरसेवकांना भेटलो. एक म्हणाले, "ठराव झालाय." दुसरे म्हणाले, "निधीची वाट बघतोय." बांधकाम विभागात विचारलं तर "फाइल वर गेली आहे" एवढंच उत्तर.

परवा ग्रुपवर सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेचा फोटो आला. त्यात "कार्योत्तर मंजुरी देणे", "अवलोकनी घेणे", "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" असलं बरंच काही होतं, पण आमची गटार कुठेच सापडली नाही. आपल्यासारख्याला सभेत जाऊन बसता येतं का? आणि ठराव झाला असेल तर काम का होत नाही? कुणाला आतली माहिती असेल तर नीट समजावून सांगा. भांडायचं नाही, गटार झाकून हवी आहे.

स्पष्टवक्ता

सरळ माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. सभेत बसून काही मिळत नाही, सगळं आधीच ठरलेलं असतं.

सभा_लिपिक_निवृत्त

गल्लीतले करदाते, मी नगरपरिषदेच्या सभा विभागात लिपिक होते. निवृत्तीपर्यंत विषयपत्रिका काढणं, टिपण्या गोळा करणं, इतिवृत्त म्हणजे सभेचा लेखी वृत्तांत लिहिणं हेच माझं काम. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सभेचं. आपल्या नगरपरिषदा चालतात त्या 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाने. त्यातलं कलम 81 सभांबद्दल आहे. एका सर्वसाधारण सभेनंतर दोन महिन्यांच्या आत पुढची घ्यावी लागते. नोटीस सात पूर्ण दिवस आधी, विशेष सभा असेल तर तीन. खास कारणाने सभा बंद ठेवायचं ठरलं नाही तर ती नागरिकांना खुली असते. तुम्ही जाऊन बसू शकता. बोलता येणार नाही, मधे उठून प्रश्न विचारता येणार नाही, गोंधळ केलात तर अध्यक्ष बाहेर काढू शकतात. पण बसता येतं. बऱ्याच सभागृहांत मागच्या बाजूला चार खुर्च्या असतात आणि त्यांवर बहुधा ठेकेदारांची माणसं बसलेली दिसतात. तिथे नागरिकांनी बसायला हवं, असं मला नोकरीत असल्यापासून वाटत आलं आहे.

"सगळं आधीच ठरलेलं असतं" हे मात्र मला मान्य नाही. निर्णयाची तयारी आधी होते, हे खरं. ती होते टिपणीत. विषयपत्रिकेवर एक ओळ दिसते, पण त्या प्रत्येक ओळीमागे संबंधित खात्याची टिपणी असते: काम काय, अंदाजपत्रक किती रकमेचं, पैसा कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे हिशोबातल्या कुठल्या खात्यातून, आधी काय निर्णय झाले. नगरसेवकांना ती सभेआधी मिळते. ती वाचून येणारे सदस्य मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या प्रश्नांनी विषय तहकूब झालेलेही पाहिले आहेत. म्हणून तुमच्या नगरसेवकाला "गटारीचं काय झालं" असं विचारू नका. "टिपणी दाखवा" म्हणा.

आता तुमच्या शब्दांकडे येते. "अवलोकनी घेणे" म्हणजे माहितीसाठी ठेवलेला विषय, उदाहरणार्थ शासनाचं परिपत्रक. त्यावर मंजुरी लागत नसते. "कार्योत्तर मंजुरी" म्हणजे काम किंवा खर्च आधीच झालाय आणि सभेची मान्यता मागून घेतली जातेय. पाण्याची मुख्य लाइन फुटली, साथ आली, पूर आला तर अध्यक्षांना तातडीने काम करून घेण्याचा अधिकार कलम 58 मध्ये आहे आणि नंतर ते सभेपुढे आणायचं असतं. त्यासाठी कार्योत्तर मंजुरी योग्यच. पण त्याच यादीत रंगरंगोटी, मंडप, हारतुरे दिसायला लागले की टिपणी जरूर वाचावी.

"ऐनवेळचे विषय" ही शेवटची ओळ जवळजवळ प्रत्येक विषयपत्रिकेवर असते, आणि सगळ्यात जास्त लक्ष तिथेच द्यायला हवं. नोटीस सात दिवस आधी देतात ती सदस्यांना वाचायला, विचार करायला वेळ मिळावा म्हणून. ऐनवेळी आलेल्या विषयाला तो वेळच मिळत नाही. दुपारी जेवणाच्या सुमारास, अर्धे सदस्य उठायच्या तयारीत असताना जे विषय येतात, त्यांच्या टिपण्या मला अनेकदा सभा संपल्यावर मिळायच्या.

आता ठरावाकडे. तुमचे एक नगरसेवक "ठराव झालाय" म्हणतात ते बहुधा खरं असेल. दुसरे "निधीची वाट बघतोय" म्हणतात तेही. दोन्ही एकाच वेळी कसं खरं, ते ठराव वाचलात की कळेल. गटारीचा ठराव साधारण असा लिहिलेला असतो:

"सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन प्रभागातील आरसीसी गटार बांधकामाच्या अंदाजपत्रकास प्रशासकीय मान्यता देण्यात येते. निधी उपलब्धतेनुसार काम हाती घेण्यात यावे. ठराव सर्वानुमते मंजूर."

खाली सूचक (ठराव मांडणारा) आणि अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) यांची नावं. आता यातले "निधी उपलब्धतेनुसार" हे दोन शब्द बघा. या ठरावात पैशाचं नावच नाही. सभेने काम मान्य केलं, पण कुठल्या खिशातून ते सांगितलं नाही. असे ठराव वर्षानुवर्षं रजिस्टरमध्ये राहतात आणि प्रत्येक निवडणुकीत "मंजूर झालंय" म्हणून सांगायला उपयोगी पडतात. पुढे सरकणाऱ्या ठरावात वाक्य असं असतं: "यासाठी होणारा खर्च पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून भागविण्यात यावा", किंवा जिल्हास्तर नगरोत्थान ही राज्याची योजना, किंवा नगरपरिषद फंड, म्हणजे आपल्या घरपट्टीतून जमलेला पैसा. 2021 ते 2026 या काळात पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने मोठी शहरं सोडून बाकी शहरांना दिलेल्या अनुदानात साठ टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेली होती, निम्मी पिण्याच्या पाण्याकडे आणि निम्मी स्वच्छता व घनकचऱ्याकडे. उरलेले चाळीस टक्के अबंधित, स्थानिक गरजेसाठी, पण पगार आणि आस्थापनेवर ते खर्च करता येत नव्हते. लेखाशीर्ष चुकीचं धरलेलं असेल तर लेखापाल फाइल परत पाठवतो, आणि त्याने ती पाठवायलाच हवी. तेव्हा ठरावात स्रोत लिहिला आहे का, आणि त्या स्रोतातून ते काम बसतं का, एवढं तपासा.

पैसा असला तरी मधे बऱ्याच पायऱ्या आहेत. अभियंत्याने जागेवर मापं घेऊन दरसूचीनुसार, म्हणजे शासनाने ठरवलेल्या दरांनुसार, अंदाजपत्रक करायचं. त्याला सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता. ही आणि प्रशासकीय मान्यता वेगवेगळ्या, लोक नेहमी गल्लत करतात: प्रशासकीय मान्यतेने काम करायचं ठरतं, तांत्रिक मान्यतेने ते या मापात आणि या खर्चात होऊ शकतं हे तपासलं जातं. मग निविदा, दराला मंजुरी, करारनामा, आणि शेवटी कार्यारंभ आदेश. त्या आदेशावर काम पूर्ण करायची मुदत लिहिलेली असते. कार्यारंभ आदेश निघाला नसेल तर गल्लीत कुणी पाऊल ठेवणार नाही, ठराव कितीही जुना असो. म्हणून बांधकाम विभागात गेलात की "काम कधी होणार" याऐवजी "तांत्रिक मान्यतेचा क्रमांक आणि दिनांक द्या" असं म्हणा. क्रमांक असेल तर लगेच मिळतो. नसेल तर समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

माहिती अधिकाराचा सल्ला योग्य आहे, फक्त अर्ज मोघम टाकू नका. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. लिहा: "अमुक दिनांकाच्या सर्वसाधारण सभेतील गटार बांधकामाच्या विषयाची टिपणी व ठरावाची प्रत, आणि त्या कामाच्या तांत्रिक मान्यतेची व कार्यारंभ आदेशाची प्रत." उत्तरात "अशी कागदपत्रे उपलब्ध नाहीत" असं आलं तरी तेही लेखी उत्तरच. काम कुठल्या पायरीवर अडलंय ते त्यातून तुम्हाला कळतं.

माजी_सदस्य_पाणीपुरवठा

ताई, बाकी सगळं पटलं, ऐनवेळच्या विषयांबद्दल थोडं बोलतो. मी एक मुदत नगरसेवक होतो, पाणीपुरवठा व जलनिःसारण समितीत होतो. विषयपत्रिका निघाल्यावर चार दिवसांनी जॅकवेलचा, म्हणजे गावाला पाणी उपसणाऱ्या विहिरीचा, पंप जळतो. शासनाचं पत्र येतं की अमुक तारखेच्या आत प्रस्ताव पाठवा, नाहीतर निधी परत जाईल. पुढच्या सभेपर्यंत थांबलो तर गावाला टँकर लावावे लागतात. आम्ही ऐनवेळी आणलेले विषय बहुतेक असेच होते. सरसकट संशय घेतला तर चांगलं काम करणारेही हात आखडतात.

सभा_लिपिक_निवृत्त

दादा, पंप जळाला तर ऐनवेळी विषय आणावाच. त्याला माझी हरकत कधीच नव्हती. माझं म्हणणं एवढंच की त्या विषयाचीही टिपणी सभेच्या आत वाचून दाखवावी आणि तातडी का, ते एक वाक्य ठरावात यावं. पंप जळाल्याची तारीख ठरावात लिहायला कितीसा वेळ लागतो? ते लिहिलेलं असलं की तुमच्यासारख्या सदस्यावर उद्या कुणी बोट दाखवू शकत नाही. भूखंड भाड्याने देण्याचा किंवा ठेक्याला मुदतवाढ देण्याचा विषय ऐनवेळी आला की मात्र तारीख लिहायला काही नसतं, कारण ठेका कधी संपणार हे करारावर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असतं.

आणि एक. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताच्या विरुद्ध वाटला तर जिल्हाधिकाऱ्यांना कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी थांबवता येते. त्या वेळी ठरावाचे शब्दच तपासले जातात. सभागृहात कोण किती जोरात बोललं ते कुणी विचारत नाही. विरोध असेल तर "माझा विरोध नावानिशी नोंदवा" असं म्हणावं लागतं, आणि पुढच्या सभेत पहिला विषय असतो "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे", तेव्हा तो नोंदवला गेलाय का ते बघावं लागतं. हा पहिला विषय दोन मिनिटांत उरकतात. पण इतिवृत्तातल्या शब्दाला हरकत घ्यायची जागा तीच आहे. एकदा कायम झालं की पुढे सगळे त्याच कागदावर बोट ठेवतात.

गल्लीतला_करदाता

ताई, खूप आभार. आज नगरपरिषदेत जाऊन आलो. ठरावाची प्रत बघायला मिळाली, आणि तुम्ही लिहिलंत तसंच, "निधी उपलब्धतेनुसार" असंच लिहिलंय. तांत्रिक मान्यता झालेली नाही. अभियंता साहेब चांगले बोलले, म्हणाले की जागेवर मोजणीच झाली नाही, कारण वरच्या गल्लीचं पाणी कुठे न्यायचं ते ठरलेलं नाही. आता मी काय करू? गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन देऊ का?

सभा_लिपिक_निवृत्त

ही बातमी चांगली आहे, कारण आता अडचण पैशाच्याही आधीची आहे हे कळलं. गटार नुसती झाकून भागत नाही. पाणी उताराने जायला हवं आणि पुढे मोठ्या नाल्याला मिळायला हवं. वरच्या गल्लीचं पाणी धरलं नाही तर नवी गटारही पहिल्याच पावसात तुंबेल. अभियंता खरं बोलतोय, त्याच्याशी नीट वागा.

निवेदन जरूर द्या, पण दोन्ही गल्ल्यांचं मिळून एकच द्या. मागणी तीन वाक्यांत लिहा: दोन्ही गल्ल्यांची एकत्र मोजणी करून पातळ्या घ्याव्यात, त्यानुसार सुधारित अंदाजपत्रक करून तांत्रिक मान्यता घ्यावी, आणि निधीच्या स्रोतासह विषय पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा, प्रत नगराध्यक्षांना आणि प्रभागातल्या दोन्ही सदस्यांना. आवक-जावक विभागात देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. शिक्का नसेल तर तो कागद दिलाच नाही असं समजा. पावसात पाणी साचलेल्या जागेचे फोटो असतील तर मागच्या बाजूला तारीख लिहून जोडा. उन्हाळ्यात मोजणीला येणाऱ्या माणसाला पाणी कुठपर्यंत येतं ते दिसत नाही.

दोन्ही सदस्यांपैकी जो विषय लावून धरेल त्याला सांगा की सभेच्या नोटिशीच्या आधी, म्हणजे विषयपत्रिका तयार व्हायच्या आत, अध्यक्षांकडे लेखी मागणी द्यायची. नोटीस निघाल्यावर दिलेली मागणी पुढच्या सभेवर जाते, म्हणजे आणखी दोन महिने. आमच्या विभागात असे कितीतरी अर्ज एका दिवसाच्या उशिराने मागे राहायचे, आणि लोकांना वाटायचं मुद्दाम टाळलं.

गल्लीतला_करदाता

समजलं. वरच्या गल्लीतल्या मंडळींना आज संध्याकाळी भेटतोय. सह्या झाल्या की निवेदनाचा मसुदा इथे टाकतो, एकदा नजर टाका.

सभा_लिपिक_निवृत्त

टाका, बघते. नावं आणि घर क्रमांक झाकून टाका. आणि मसुद्यात ठरावाचा क्रमांक व दिनांक पहिल्याच ओळीत येऊ द्या, संदर्भ म्हणून. त्याशिवाय सभा विभागातला माणूस जुनी फाइल शोधणारच नाही.