गडगा वाढवण्याआधी लेखी परवानगी घ्या

वानरांच्या त्रासामुळे गडगा (दगडी कुंपणभिंत) आठ फूट उंच करायचाय आणि ग्रामसेवक तोंडी ‘हो’ म्हणालेत, एवढ्यावर जांभ्याचे चिरे मागवू नका. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार कुंपणभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून १.५ मीटरच. २.४ मीटरपर्यंत जायचं तर वरचा भाग आरपार दिसणारा हवा. म्हणजे खाली जांभा, वर जाळी. (वानरं तशीही चिऱ्यावरून सहज चढतात.)

त्याआधी जमिनीची मोजणी करून घ्या. आपल्याकडे कोकणात सातबाऱ्यावर मुंबईतले चुलतेही असतात, हद्दीचा वाद भिंत उभी राहिल्यावरच निघतो. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल, तर सीआरझेडचंही (किनारी भागातल्या बांधकामाचे नियम) विचारा.

आणि तळाला पाण्यासाठी भोकं ठेवाच, आषाढातल्या पाण्याच्या दाबाने अख्खा गडगा आडवा होतो.