ताफ्याच्या रांगांमध्ये शिरण्याविषयी
'सायलेंट हंटर ३' या दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुड्यांवरच्या संगणकीय खेळात जहाजांच्या ताफ्यावर हल्ला करताना संरक्षक नौकांच्या कड्याबाहेर राहून ३००० मीटरवरून टॉर्पेडोंचा पंखा (एकाच वेळी पसरवून सोडलेले अनेक टॉर्पेडो) सोडावा, असा सल्ला दिला जातो. तो १९४३ च्या मोहिमांसाठी योग्य आहे; १९४० साठी मात्र मला तो पटत नाही. जर्मन पाणबुडीचा कप्तान ऑटो क्रेचमर त्या काळी रात्री पृष्ठभागावरूनच जहाजांच्या रांगांमध्ये शिरत असे, कारण पाण्यावर तरंगणारी पाणबुडी अ‍ॅस्डिकला (पाण्याखालची पाणबुडी ध्वनिलहरींनी शोधणाऱ्या यंत्रणेला) सहसा सापडत नसे आणि रडार अजून फारसे पसरले नव्हते.

खेळात मी अंधाऱ्या रात्री, पाणबुडीची आकृती अरुंद दिसावी म्हणून तिचे नाक संरक्षक नौकेकडे ठेवून, असाच आत शिरलो. एक पथ्य मात्र पाळावे: सुमारे ३०० मीटर धावल्याशिवाय टॉर्पेडो स्फोटासाठी सज्ज होत नाही. माझा पहिला टॉर्पेडो, इतक्या जवळून चुकणे अशक्य या फाजील आत्मविश्वासाने सोडलेला, टँकरच्या कुशीवर नुसताच ठण्णकन आपटला.