साखरेच्या पोत्यामागची ऊसतोड कशी तपासायची? माहिती हवी आहे

मी पुणे जिल्ह्यातल्या एका फळप्रक्रिया कंपनीत खरेदी बघते. आमचा साखर घातलेला आंब्याचा पल्प जर्मनीला जातो. तिथे 2023 पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू आहे, त्यामुळे गिऱ्हाईक लेखी मागतंय: साखरेमागे बालमजुरी नाही, कर्जापायी बांधलेली मजुरी नाही. साखरेच्या व्यापाऱ्याने लगेच सही-शिक्क्याचं पत्र धाडलं. त्याच्या भरवशावर सही करायला माझं मन धजत नाही.

पोत्यावर कारखान्याचं नाव आणि हंगाम छापलेला असतो, तिथपर्यंत माग लागतो. पुढे कारखाना म्हणतो करार वाहतूकदाराशी, वाहतूकदार मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे बोट दाखवतो, आणि तोडणारी माणसं कुठल्याच कागदावर नाहीत.

फडावर जाऊन आले. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाने दिलेली आगाऊ रक्कम, दोघांवर मिळून. खाडा झाला की पैसे कापतात, उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाकडे. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळत वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधत होती. शाळेचं विचारलं तर आईने नुसतं गावाचं नाव सांगितलं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची 2019 मध्ये सरकारी समितीने चौकशी केली, तेव्हा आकडा 13 हजारांच्या वर निघाला होता. दुखणं आलं तरी खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण. एवढं माहीत असताना 'नाही' असं कसं लिहायचं?

बोनसुक्रो (ऊस-साखर जबाबदारीने पिकवल्याचं आंतरराष्ट्रीय) प्रमाणपत्र असलेल्या कारखान्याची साखर कुणी घेतली आहे का? तपासणीवाले मजुरांच्या कोप्यांपर्यंत (झोपड्यांपर्यंत) जातात की ऑफिसातून परततात? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळाकडून टोळीतल्या मजुरांची नोंद पडताळता येते का? बीड-अहिल्यानगरकडे या बायकांसोबत काम करणाऱ्या संघटनांनी खरेदीदाराबरोबर बसून अटी ठरवल्याचं उदाहरण असेल तर फार उपयोग होईल.

ऑफिसात सल्ला मिळतोय की दुसऱ्या राज्यातून साखर घे आणि मोकळी हो. मला तो पटत नाही. आपण खरेदी थांबवली म्हणून त्या बाईची उचल फिटत नाही. किलोमागे थोडे जास्त द्यायला मालक तयार आहेत, पण ते मुकादमाच्या खिशात न जाता नवरा-बायको दोघांच्या, निदान बाईच्या खात्यात कसे पोचवायचे?

उचल पावसाळ्यातच वाटली जाते. कारखान्याला अटी घालायच्या तर त्याआधीच घालाव्या लागतील, म्हणून जरा घाई आहे.