कोळशाच्या थरात सीओटू (कार्बन डायऑक्साइड) साठवण: मॉडेलमध्ये इंजेक्शनचा दर टिकतो, प्रत्यक्षात का पडतो?

प्रश्न
९०० मीटर खोलीवरच्या ६ मीटर जाड बिट्युमिनस (दगडी कोळशाच्या) थराचं जेम या सिम्युलेटरमध्ये ड्युअल पोरोसिटी (कोळसा आणि त्यातल्या भेगा वेगळ्या धरणारं) मॉडेल केलंय. पारगम्यता (द्रव-वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) १ मिलिडार्सी, क्लीटची (कोळशातल्या नैसर्गिक भेगांची) सच्छिद्रता ०.५ टक्के. १० वर्षं इंजेक्शनचा दर सपाटच राहतो. चुकतंय कुठे? आणि याच ग्रिडवर (मॉडेलच्या चौकटींच्या जाळीवर) पुढची १००० वर्षं चालवू का?

उत्तर १
पारगम्यता स्थिर ठेवलेली दिसते. सीओटू मुरला की कोळसा फुगतो. थर बाजूंनी जखडलेला असल्यामुळे तो फुगवटा क्लीटमध्येच घुसतो. सच्छिद्रता ०.५ची ०.२५ झाली की घन-नियमाने (पारगम्यता सच्छिद्रतेच्या घनानुसार बदलते) पारगम्यता थेट आठव्या हिश्श्यावर येते. फुगवट्यानुसार पारगम्यता बदलणारं पामर-मन्सूरी किंवा शी-दुरुकान सूत्र चालू करा आणि कोळशात आधीच असलेला मिथेन व सीओटू यांचे स्ट्रेन (फुगण्याचं प्रमाण) वेगवेगळे द्या. दोन्हींना एकच आकडा दिलात तर मिथेन जाऊन सीओटू आल्याचा फुगवटा मॉडेलला जवळपास दिसतच नाही.

पोलंडच्या रेकोपोल या चाचणी प्रकल्पात हेच झालं. विहीर फ्रॅक केल्यावरच (दाबाने थराला भेगा पाडल्यावरच) सलग इंजेक्शन जमलं आणि एकूण सुमारे ७६० टन सीओटू आत गेला. जपानच्या युबारी इथल्या चाचणीत मध्ये नायट्रोजन सोडून पाहिला. दर वाढला, पण सीओटू पुन्हा सुरू केल्यावर परत घसरला. तुमचं मॉडेल आधी या घसरणीवर जुळवा, साठ्याचे आकडे नंतर.

उत्तर २
आयसोथर्म (कोणत्या दाबाला कोळसा किती वायू धरतो तो वक्र) कोरड्या नमुन्यावरचा असेल तर साठवण फुगवून येते. ओलावा समतोलात आणलेला नमुनाच घ्या. शिवाय प्रयोगशाळा देते ते ‘एक्सेस’ अधिशोषण, म्हणजे कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या वायूचा मोकळ्या वायूपेक्षा जास्तीचा भाग. ३१ अंश आणि ७.४ मेगापास्कलच्या वर सीओटू सुपरक्रिटिकल (वायू-द्रव असा फरक न उरलेला) होतो, घनता झपाट्याने चढते आणि एक्सेसचा वक्र वर जाऊन खाली वळतो. त्यावर लँगम्युअरचं (सतत चढत जाऊन सपाट होणाऱ्या वक्राचं) सूत्र बसवणं म्हणजे ओढूनताणून. आधी प्रत्येक बिंदूला (१ − वायूची घनता ÷ अधिशोषित घनता) ने भागा, मग फिट करा.

उत्तर ३
१००० वर्षांसाठी हे ग्रिड नको. विहिरीजवळचे बारीक सेल पुढे नुसता वेळ खातात. इंजेक्शननंतरची स्थिती मोठ्या सेलच्या ग्रिडवर न्या, पण छताचा थर, वरची वालुकाश्मं आणि जुनी बोअरहोल त्यात हवीतच. चारही बाजू बंद ठेवल्यात तर गळती शून्यच येणार, त्यात नवल काय! कडेने पाणी परत येऊ द्या.

अधिशोषित वायू दाब असेपर्यंतच चिकटून राहतो. म्हणून एक केस अशीही चालवा: ३०० व्या वर्षी शेजारी कोणी खाणीसाठी पाणी उपसायला लागलं. असा उपसा टाळता येणार नाही अशी जागा असेल, तर बाकीच्या केसेसना फारसा अर्थ उरत नाही.