पावसाळी राइडसाठी जॅकेट आणि ग्लोव्हज सुचवा, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुण्यात रोज बाइकने ऑफिसला जातो आणि महिन्यातून एकदा ताम्हिणीतून माणगावला, गावी. गेल्या जुलैत घाट उतरताना एका वळणावर शेवाळावरून मागचं चाक सरकलं आणि गाडी आडवी झाली. स्पीड जेमतेम ३० असेल, पण विंडचीटर कोपरावर टराटरा फाटला आणि डावा तळहात असा सोलवटला की पंधरा दिवस आईने घास भरवला. हेल्मेट होतं म्हणून डोक्याला काही झालं नाही.

आता नीट गिअर घ्यायचंय, बजेट साधारण १२ हजार. कोपर-खांद्याला सीई लेव्हल २ (युरोपियन सुरक्षा मानकातली वरची पातळी) पॅड हवेतच, आणि पाठीलाही, कारण बऱ्याच जॅकेटात पाठीला नुसता फोमचा तुकडा असतो. मेश (जाळीदार) जॅकेट उन्हाळ्यात बरं पडतं पण रेन लायनर (पाणी अडवणारं अस्तर) आत लावला की वरचं कापड भिजून जड होतं ना? मग वरून रेनकोट घालणंच बरं का? रायनॉक्स किंवा व्हायाटेरा कंपनीचं जॅकेट वापरणाऱ्यांनी दोन पावसाळ्यांनंतर शिवण, चेन कशी राहिली ते प्लीज सांगा.

ग्लोव्हज तळहाताला स्लायडर (पडल्यावर हात रस्त्यावरून घसरू देणारा कडक तुकडा) असलेलेच घेणार, पण वॉटरप्रूफमध्ये क्लचचा अंदाज येतो का? आणि व्हायझरवर वाफ धरते त्याला पिनलॉक (व्हायझरला आतून लावायची, वाफ न धरणारी पारदर्शक पट्टी) खरंच कामाचं आहे का, की हेल्मेटच बदलू?

बूट पुढच्या पगारात. पुण्यात घालून बघता येईल असं दुकान माहीत असेल तर तेही सांगा, साइजचा भरवसा ऑनलाइन वाटत नाही.