मदत हवी आहे: तुरुंगात बहिणीच्या हार्मोनच्या गोळ्या बंद झाल्यात

आम्ही नाशिकला जेल रोडला राहतो. पत्ता सांगितला की लोक हसतात, ते अंगवळणी पडलंय. आता माझी धाकटी बहीण खरोखरच आत आहे, तेही दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून मुलाखतीसाठी पहाटेची एसटी धरावी लागते. कुठलं कारागृह ते लिहीत नाही. केस मारामारीची, जामीन अडकलाय. ती कच्ची कैदी आहे, शिक्षा झालेली नाही.

बहीण ट्रान्स आहे. दोन वर्षांपूर्वी स्वतः साठवलेल्या पैशांतून तिने ऑपरेशन केलं, अंडकोष काढले. तेव्हापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या रोज चालू होत्या. आत गेल्यापासून सात आठवडे एकही मिळालेली नाही. "हे कॉस्मेटिक आहे" एवढंच उत्तर.

मागच्या मुलाखतीत म्हणाली, "ताई, अंगातून वाफा निघतात गं, रात्री चादर भिजते." आईला पाळी जाताना असंच व्हायचं, त्यामुळे मला लगेच कळलं. तिच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या ऑपरेशननंतर शरीर स्वतः पुरेसे हार्मोन बनवत नाही. बाहेरून दिले नाहीत आणि हे असंच लांबलं, तर हाडं ठिसूळ होतात. मन खचतं ते वेगळंच.

घरी मामा वैतागलाय. "माझ्या गुडघ्याला सिव्हिलमध्ये तारीख मिळत नाही, आणि हिच्या गोळ्या सरकारने भरायच्या?" मला त्याचा रागही येत नाही, गुडघा खरंच दुखतो त्याचा. पण मामा उद्या उसनवारी करून खाजगीत जाऊ शकतो. ती आतून क्रोसिनसुद्धा विकत आणू शकत नाही. ज्याने दाराला कुलूप लावलं त्यानेच औषधाचं बघायला नको का? आणि आम्ही तर पैसे द्यायलाही तयार आहोत.

नवीन ऑपरेशनचं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही, खोटं कशाला बोलू. आत्ता फक्त गोळ्या हव्यात. अर्ज कुणाकडे करायचा? आमच्या खर्चाने देता येतात का?

प्रतिसाद १ (फौजदारी वकिली करतो)

ताई, तोंडी विनंत्या थांबवा. केस ज्या कोर्टात आहे तिथेच लेखी अर्ज द्या: वैद्यकीय अधिकाऱ्यांचा अहवाल मागवावा, हार्मोनतज्ज्ञांकडून तपासणी व्हावी, तोवर चालू उपचार खंडित करू नयेत. सोबत ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि जुनी प्रिस्क्रिप्शन्स जोडा. अर्जात "लिंगबदल" हा शब्द आणूच नका, "चालू उपचार" लिहा. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या व्यक्तीला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.

न्यायाधीन बंद्याने, म्हणजे कच्च्या कैद्याने, स्वखर्चाने गरजेच्या वस्तू बाहेरून घेण्याची मुभा १८९४ च्या तुरुंग कायद्याइतकी जुनी आहे. तपासणी होते, पण मिळतात. औषधासाठी मात्र कोर्टाचा आदेश हातात असलेला बरा.

आधार हवा असेल तर २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याचं कलम १५ वाचा. हार्मोन उपचार आणि शस्त्रक्रियेची सोय करणं त्यात सरकारवरच टाकलंय. केंद्रीय गृह मंत्रालयाने १० जानेवारी २०२२ ला ट्रान्सजेंडर कैद्यांबाबत राज्यांना सूचना पाठवल्या, त्यांतही आरोग्यसेवेचा उल्लेख आहे. आणि मामांना सांगा, आयुष्मान भारतखाली ट्रान्सजेंडर व्यक्तींना वर्षाला ५ लाखांचं संरक्षण २०२२ मध्येच जाहीर झालंय. म्हणजे जे बाहेरच्यांना नाही ते कैद्यांना, असं हे प्रकरण नाही.

प्रतिसाद २

गोळ्या द्याव्यात, मान्य. पण मामांचं म्हणणं इतकं सहज उडवू नका. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात खुनाची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने झाली, आणि २०२४ च्या निवडणुकीत तिकडे याच विषयावर जाहिराती चालल्या. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला, पहिल्याच दिवशी, केंद्रीय तुरुंगांतल्या अशा उपचारांचा पैसा थांबवायचा आदेश काढला. लोकांना हे खुपतं ते उगाच नाही. माझ्या कराच्या पैशातून आधी सिव्हिलमधले बेड वाढवा.

प्रतिसाद ३ (प्रतिसाद १ चा लेखक)

तिकडेही मुद्दा खुशीचा नव्हता. १९७६ पासून त्यांचं सर्वोच्च न्यायालय म्हणतं की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही क्रूर शिक्षा. वाद असतो तो अमुक उपचार गरजेचा की नाही एवढाच. २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका कैद्याला अपिलात शस्त्रक्रिया नाकारलीसुद्धा. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या सुनील बत्रा निकालापासून, १९७८ पासून, कैद्याचे मूलभूत हक्क दारातच गळून पडत नाहीत. बेड वाढवाच, पण या बाईच्या गोळ्या अडवून ते वाढणार नाहीत.

ताई, जिल्हाधिकाऱ्यांचं ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र आहे का?

धागाकर्ती

आहे, नव्या नावाने. पण एफआयआर आणि वॉरंटवर जुनंच नाव आहे, तिथे हजेरीलाही तेच पुकारतात. अर्ज कुठल्या नावाने करू?

प्रतिसाद १ चा लेखक

दोन्ही लिहा, मध्ये "ऊर्फ" घाला, नाहीतर कागद फाईलला लागायचा नाही. नवं आधी.